थंडीतली पहिली किक: कार्बोरेटरच्या गाडीचा चोक कसा वापरावा

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, जवळजवळ गेलाच. पेट्रोल किती सोडायचं हे आता सेन्सर आणि कॉम्प्युटर ठरवतात. बटण दाबलं की गाडी सुरू. त्यामुळे ज्यांनी अलीकडे गाडी हातात घेतली, त्यांना चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल देणारी सोय, ही वस्तूच माहीत नसते. पण जुन्या स्प्लेंडर, पॅशन, पल्सर, बुलेट, चेतक अजून रस्त्यावर आहेत. वडिलांची गाडी कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडे येते, कुणी सेकंडहँड घेतं. शेतात ग्रासकटर आणि पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप असतो, दुकानात छोटा जनरेटर असतो. या सगळ्यांना चोक आहे. तो लावायचा कसा हे कुणीही सांगतं. काढायचा कधी, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही आणि गाड्या बिघडतात त्या तिथेच. म्हणून या लेखाचा भर चोक काढण्यावर जास्त आहे.

उदाहरण म्हणून मी कार्बोरेटरची १०० सीसी स्प्लेंडर डोळ्यांसमोर ठेवली आहे. ती इतक्या घरांत आहे की बहुतेकांना समोर गाडी उभी करून वाचता येईल. इतर गाड्यांत जिथे फरक पडतो तिथे वेगळं सांगितलं आहे.

इंजिनाला काय हवं असतं

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही. त्याची वाफ हवेत मिसळते आणि ते मिश्रण ठिणगीने पेटतं. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. वजनात हे फारसं वाटत नाही, पण आकारमानात मांडून बघा: टाकीतलं १ लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा इंजिनातून जावी लागते. मिश्रणात पेट्रोल यापेक्षा जास्त असेल तर त्याला रिच म्हणतात, कमी असेल तर लीन. गरम इंजिन साधारण ९:१ पासून १९:१ पर्यंतच्या मिश्रणावर चालू शकतं. त्या टप्प्याबाहेर ठिणगी कितीही चांगली असली तरी इंजिन धड चालत नाही.

आता प्रमाण किती बारीक आहे ते पाहा. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं. सिलिंडर हवेने पूर्ण भरला असं धरलं तरी एका ओढीत, म्हणजे पिस्टन एकदा खाली जाताना, जेमतेम ०.१२ ग्रॅम हवा येते आणि तिला पुरतं ८ मिलिग्रॅम पेट्रोल. पेट्रोलच्या एका लहान थेंबात अशा चार-पाच ओढींचा ऐवज असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा पेट्रोलने प्लग भिजण्याचं, प्रकरण येईल तेव्हा तो उपयोगी पडेल.

थंड इंजिनात दोन अडचणी एकदम येतात. पहिली, पेट्रोलची वाफ होत नाही. पेट्रोल म्हणजे एकच द्रव नव्हे, अनेक घटकांचं ते मिश्रण आहे. त्यातले हलके घटक कमी तापमानालाही उडतात, जड घटकांना ऊब लागते. डिसेंबरात वाळत घातलेले कपडे संध्याकाळीसुद्धा दमट लागतात, तसंच कार्बोरेटरमधून निघालेलं पेट्रोल थंड मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनापर्यंतच्या नळीच्या) आणि सिलिंडरच्या भिंतींवर ओलं राहून चिकटतं. कार्बोरेटरने १४.७ला १ असं चोख माप दिलं, तरी ठिणगीपाशी वाफ म्हणून पोहोचतो त्याचा लहानसा हिस्सा. म्हणजे दिलेलं मिश्रण बरोबर, आणि जळायला मिळालेलं मिश्रण लीन.

दुसरी अडचण ओढीची. कार्बोरेटरच्या नळीचा मधला भाग अरुंद असतो. तिथून हवा वेगाने गेली की तिचा दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, वर येतं. हे सगळं हवेच्या वेगावर अवलंबून आहे. इंजिन चालू असताना वेग भरपूर असतो. किक मारताना मात्र इंजिन अगदी मंद फिरतं, त्यामुळे पेट्रोल वर ओढणारा जोरच नसतो. म्हणजे ज्या क्षणी पेट्रोल सर्वांत जास्त हवं, नेमकं त्याच क्षणी कार्बोरेटर सर्वांत कमी देतो.

चोक या दोन्हींवर एकच इलाज करतो. तो तात्पुरतं इतकं जास्त पेट्रोल पाठवतो, की त्यातला थोडाच भाग उडाला तरी ठिणगीला पुरेल. अगदी थंड इंजिनाला सुरुवातीच्या काही ओढींत ३:१ इतकं रिच मिश्रणही द्यावं लागतं. एवढं पेट्रोल गरम इंजिनात गेलं तर ते लगेच बंद पडेल. थंड इंजिनात चालतं, कारण त्यातलं बरंचसं अजून भिंतीवरच असतं.

तुमच्या गाडीचा चोक कोणत्या जातीचा

हे आधी ओळखायला हवं, कारण किक मारताना रेस द्यायची की नाही हे त्यावर ठरतं.

पहिली जात चकतीची. कार्बोरेटरच्या तोंडाशी, एअर फिल्टरच्या बाजूला एक गोल चकती असते. चोक लावला की ती आडवी होऊन हवेची वाट अडवते. इंजिन ओढतं, पण हवा पुरेशी येत नाही, म्हणून तो सगळा ओढीचा जोर जेटवर पडतो आणि पेट्रोल जास्त येतं. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, असा दुहेरी परिणाम. बऱ्याच चकत्यांना एक भोक किंवा स्प्रिंगची छोटी झडप असते, ती इंजिन सुरू होताच थोडी हवा आत सोडते, नाहीतर इंजिन पहिल्याच धक्क्यानंतर गुदमरेल. स्प्लेंडरचा चोक या जातीचा. त्याचा दांडा कार्बोरेटरलाच असतो. दांडा कुठल्या बाजूला म्हणजे लागला आणि कुठल्या बाजूला म्हणजे निघाला, याची खूण तिथेच असते. मळ पुसून ती एकदा बघून घ्या. चोक लागलेला आहे हे माहीत नसतानाच रोज गाडी चालवणारे लोक खरोखर आहेत.

दुसऱ्या जातीत हवा अडवली जात नाही. कार्बोरेटरच्या अंगात पेट्रोलची एक वेगळी छोटी वाट असते, तिला स्वतःचा जेट असतो आणि ती वाट एका प्लंजरने बंद ठेवलेली असते. चोक ओढला की प्लंजर उचलला जातो आणि ती जादा वाट उघडते. मिकुनी पद्धतीच्या कार्बोरेटरला हे असतं. काही जुन्या पल्सरना डाव्या हँडलवर चोकचा दांडा आहे, तो केबलने हाच प्लंजर उचलतो. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या बजाज चेतकला सीटखाली, पुढच्या बाजूला पेट्रोलच्या कॉकशेजारी जी ओढायची मूठ असते, तीही जादा पेट्रोलची अशीच वाट उघडते.

या दुसऱ्या जातीची एक अट आहे आणि ती बहुतेक नवशिक्यांना ठाऊक नसते: सुरू करताना रेस देऊ नका. रेसची मूठ पिळली की हवेची जी झडप उघडते ती थ्रॉटल; जादा वाटेचं तोंड तिच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला उघडतं. थ्रॉटल बंद असेल तर तिथे इंजिनाची पूर्ण ओढ लागते आणि पेट्रोल येतं. मूठ पिळली की थ्रॉटलमधून हवा मोकळी आत शिरते, ती ओढ संपते आणि चोक लावलेला असूनही न लावल्यासारखा होतो. मग माणूस किकवर किक मारत राहतो आणि दोष बॅटरीला देतो.

जुन्या जावाच्या जिकोव्ह कार्बोरेटरला तिसरीच तऱ्हा होती, टिकलरची. एक बटण दाबून फ्लोट, म्हणजे वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, खाली ढकलायचा, म्हणजे वाटीतली पातळी वाढून पेट्रोल जेटवरून सांडायला लागायचं. पेट्रोल बाहेर दिसलं की बटण सोडायचं.

किक मारण्याआधी

पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, चालू आहे ना ते बघा. हे सांगण्यासारखं नाही असं वाटेल, पण रात्री कॉक बंद करण्याची चांगली सवय असलेल्या घरात सकाळी गाडी सुरू न होण्याचं पहिलं कारण हेच असतं. कॉक उघडल्यावर वाटी भरायला अर्धा मिनिट द्या. गाडी बरेच दिवस उभी असेल तर वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, मग जरा जास्त वेळ लागतो.

दुसरं, गाडी उघड्यावर काढा. चोकवर चालणारं इंजिन अर्धवट जळालेल्या पेट्रोलातून कार्बन मोनॉक्साइड जास्त सोडतं. या वायूला वास नसतो. बंद पडवीत, शटर खाली ओढलेल्या गाळ्यात किंवा तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यात गाडी चोकवर तापवत ठेवणं जिवावर बेतू शकतं. जनरेटरला तर हे दुपटीने लागू.

तिसरं, चोक खरंच हवा का? निफाडला पारा सहा अंशांवर आला असेल, गोंदियात धुकं असेल, महाबळेश्वरला पहाट असेल, तर हवाच. मुंबई-रत्नागिरीकडे वर्षातले बरेचसे दिवस पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी चोकशिवाय सुरू व्हायला हवी. चंद्रपुरात मे महिन्यात चोकला हात लावायचं कारण नाही, लागत असेल तर दुसरं काहीतरी बिघडलं आहे. माझा आग्रह असा: आधी चोकशिवाय दोन किक मारून बघा. गाडीची तब्येत कळते ती यातूनच.

सुरू करण्याची पद्धत

गाडी न्यूट्रलला घ्या आणि मधल्या स्टँडवर लावा. चोक पूर्ण लावा. अर्धामुर्धा नको, थंड इंजिनाला पहिल्या ओढींत पूर्णच लागतो.

चावी बंद ठेवूनच दोन-तीन किक सावकाश, पायाचा पूर्ण पल्ला देऊन मारा. यात ठिणगी पडत नाही, फक्त रिच मिश्रण मॅनिफोल्डमधून सिलिंडरपर्यंत येऊन थांबतं. एका किकमध्ये इंजिनाला मोजक्याच ओढी मिळतात, त्यामुळे ही तयारी थंडीत फार कामाची आहे. सेल्फस्टार्ट असला तरी कडक थंडीत मी हेच सुचवेन. रात्रभर गारठलेल्या बॅटरीचा जोर कमी झालेला असतो, तो आधीच खर्च कशाला करायचा?

आता चावी चालू करा. मूठ सोडून द्या. किकचा दांडा हलकेच दाबून जिथे अडतो ती जागा शोधा, तिथून एक ठाम किक मारा. अर्धवट, घाईच्या पाच किकांपेक्षा पूर्ण पल्ल्याची एक किक बरी. प्लंजरचा चोक असेल तर मुठीला अजिबात हात नको. चकतीचा असेल आणि दोन-तीन किकांनी काहीच झालं नाही, तर मूठ अगदी किंचित पिळून पुन्हा मारा.

इंजिन एकदा 'फट्' करून थांबलं तर ती चांगली खूण आहे: मिश्रण पेटण्याजोगं झालं आहे. चकतीचा चोक असेल तर इथे तो अर्ध्यावर आणा आणि पुन्हा किक मारा. पूर्ण चोकवर हटून बसलात तर पुढच्या दोन-तीन किकांत प्लग भिजेल.

सहा-सात चांगल्या किकांनंतरही काहीच हालचाल नसेल तर थांबा. आता प्रश्न चोकचा राहिलेला नाही.

चोक कधी काढायचा

गाडी सुरू झाली. आता घड्याळाकडे बघू नका, आवाज ऐका. मिनिटं सांगणं सोपं, पण तीच गाडी नाशिकच्या जानेवारीत आणि पुण्याच्या ऑगस्टमध्ये वेगळा वेळ घेते.

पहिल्या काही सेकंदांत चोकवरचं इंजिन नीट चालतं. सिलिंडरच्या भिंती तापू लागतात आणि पेट्रोलची वाफ जास्त होऊ लागते. इथून चोकने दिलेलं जादा पेट्रोल खरोखरच जास्त ठरायला लागतं. आवाजात तो बदल असा येतो: आधीची एकसारखी धडधड जड होते, मधूनच एखादा ठोका चुकतो, इंजिन ओझं ओढत असल्यासारखं मंदावतं, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, कधी काळसर धूर दिसतो. हे झालं म्हणजे चोक काढायला उशीर झाला. ठोके चुकायच्या जरा आधी, आवाज भरीव व्हायला लागतो तिथेच तो अर्ध्यावर यायला हवा.

अर्ध्यावर आणल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. इंजिनाचा आवाज हलका, मोकळा झाला तर बरोबर वेळ साधली. इंजिन बुडायला लागलं, म्हणजे वेग कमी होत बंद पडायला आलं, तर अजून ऊब कमी आहे. पुन्हा थोडा चोक लावा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. असं दोन-चार सकाळी केलंत की तुमच्या गाडीची वेळ हाताला कळते.

शंभर सीसीच्या गाडीला आपल्याकडच्या हिवाळ्यात पूर्ण चोक अर्ध्या मिनिटाच्या आसपास आणि अर्धा चोक आणखी तेवढाच, एवढं सहसा पुरतं. त्यानंतर चोक पूर्ण काढून, रेस न करता, हळू गाडी चालवत निघा. जागेवर उभं राहून पाच-पाच मिनिटं तापवत बसण्यापेक्षा हलक्या भारावर चालताना इंजिन लवकर आणि सगळीकडून सारखं तापतं. पहिला एक-दीड किलोमीटर मूठ जोरात पिळू नका, तेल अजून घट्ट असतं.

चोक लावून निघालात आणि विसरलात, तर नुकसान काय? मायलेज कमी होतं हे सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. पण त्याहून वाईट गोष्ट सिलिंडरच्या आत घडते. न उडालेलं पेट्रोल भिंतीवरून खाली ओघळतं आणि जाताना पिस्टन-रिंगांना घर्षणापासून वाचवणारा तेलाचा पातळ थर धुऊन नेतं. तेच पेट्रोल खाली जाऊन इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर हे चाललं आहे असं समजा, आणि कारण दूर करून ऑइल बदला. प्लगवर काळी काजळी बसते ती वेगळीच. पीयूसीला गाडी नापास झाली तर आधी चोक पूर्ण निघतोय का, ते बघावं.

ओव्हरफ्लो झाली तर

किकवर किक मारून पेट्रोलचा वास यायला लागला आणि गाडी मात्र सुरू नाही, तर प्लग पेट्रोलने भिजला आहे. मागचा आकडा आठवा: एका ओढीला ८ मिलिग्रॅम. प्लगच्या टोकावर बसलेला एक थेंब त्याच्या कित्येक पट असतो आणि ठिणगी पडायच्या फटीत तोच बसतो.

आता चोक पूर्ण काढा. कॉक बंद करा. मूठ पूर्ण पिळून धरा आणि पाच-सात किक सलग मारा. थ्रॉटल पूर्ण उघडल्याने भरपूर हवा आत जाते आणि जादा पेट्रोल बाहेर ओढून नेते. बऱ्याचदा यातच इंजिन फडफडत सुरू होतं. तेव्हा मूठ हळू सोडा आणि कॉक पुन्हा उघडा.

नाही झालं तर प्लग-पान्याने प्लग काढा, कोरड्या फडक्याने पुसा, वाळू द्या. प्लग बाहेर असताना चावी बंद ठेवूनच किक मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि जवळ ठिणगी असेल तर आग लागेल. काडी-विडी दूर ठेवा हे वेगळं सांगायला नको. प्लग बसवून चोकशिवाय सुरू करा.

प्लग हातात आलाच आहे तर नीट बघून घ्या. किक मारूनही तो अगदी कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही, कॉक किंवा जेट तपासा. कोरडी काळी काजळी म्हणजे रोजचं मिश्रण रिच. पांढरट असेल तर लीन. फिकट तपकिरी, बिस्किटासारखा रंग असेल तर मिश्रण ठीक आहे.

गरम इंजिनाला चोक नको

बाजारात पंधरा मिनिटं थांबून परत सुरू करताना चोक लावू नका. इंजिन गरम आहे, पेट्रोलची वाफ छान होते आहे, उलट वाटीतलं पेट्रोल तापून थोडी जादा वाफ आधीच मॅनिफोल्डमध्ये साचलेली असते. सुरू व्हायला खळखळ करत असेल तर मूठ थोडी पिळून किक मारा. दोन-तीन तासांनी, इंजिन कोमट असताना, आधी चोकशिवाय आणि मग लागलाच तर क्षणभर अर्धा, एवढंच.

चोकवरच चालते, काढला की बंद पडते

नवशिक्याला चोकचा सर्वांत मोठा उपयोग, माझ्या मते, सुरू करण्यापेक्षा इथे आहे. गाडी पूर्ण तापली तरी चोक काढताच बंद पडत असेल, तर ती तुम्हाला सांगते आहे की मला पेट्रोल कमी पडतंय, चोक ती उणीव भरून काढतोय. म्हणजे मिश्रण लीन आहे. कारणं मोजकीच असतात.

पहिला संशय पायलट जेटवर. मूठ बंद असताना आणि अगदी थोडी पिळलेली असताना इंजिनाला पेट्रोल हा जेट देतो आणि त्याचं भोक केसाएवढं बारीक असतं. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून मागे राहिलेला चिकट थर ते भोक बुजवायला पुरतो. खूण सोपी आहे: मूठ जास्त पिळल्यावर गाडी नीट पळते, सोडली की मरते. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करावा. तार घालून कोरू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं तर ते परत लहान होत नाही.

दुसरा संशय मॅनिफोल्डच्या रबरावर. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडाला भेग पडली किंवा क्लॅम्प ढिला झाला, तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते. मेकॅनिक म्हणतात, 'गाडी हवा घेतेय.' गाडीचा स्लो स्पीड, म्हणजे मूठ सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, आपोआप वर-खाली होत राहतो. त्यानंतर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजणं, कॉकच्या जाळीत कचरा, वाटीतल्या फ्लोटची पातळी कमी असणं, हे क्रमाने बघावं.

याच्या उलट, गाडी तापल्यावर चोक जरासा लावून बघितला आणि इंजिन लगेच मंदावलं, तर मिश्रण ठीक आहे किंवा किंचित रिच आहे. थोडा चोक लावल्यावर ते आधीपेक्षा सुरळीत चाललं, तर लीन आहे. पाच सेकंदांची ही तपासणी स्लो स्पीडच्या स्क्रूला हात लावण्याआधी करा. चोकने सुधारणाऱ्या गाडीचा स्लो स्पीड वाढवून दोष झाकला जातो, जात नाही.

चोक स्वतःही बिघडतो. चकतीचा दांडा मळाने जाम होऊन अर्ध्यात अडकतो. प्लंजरच्या टोकाचं रबर झिजलं किंवा केबल फार ताणली गेली, तर प्लंजर पूर्ण बसत नाही आणि चोक न लावताही पेट्रोल झिरपत राहतं. मायलेज पडलं, प्लग काळा आहे, आणि कार्बोरेटर मात्र साफ आहे, अशा वेळी हे बघा. केबलला थोडा ढिलेपणा असलाच पाहिजे. बऱ्याच बिनगिअरच्या स्कूटरना ऑटो चोक होता. त्यात मेणाचा एक ठोकळा विजेवर तापून फुगतो आणि जादा वाट हळूहळू बंद करतो. तो निकामी झाला की वाट कायम उघडी किंवा कायम बंद राहते. अशी स्कूटर रोज सकाळी त्रास देते किंवा अकारण पेट्रोल पिते.

इथेनॉल आणि बरेच दिवस उभी राहिलेली गाडी

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पूर्ण जळायला १ ग्रॅमला ९ ग्रॅमच हवा पुरते, त्यामुळे अशा मिश्र पेट्रोलचं योग्य प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. जुन्या कार्बोरेटरचे जेट साध्या पेट्रोलचं माप धरून ठरवलेले आहेत, ते तेवढंच इंधन देतात. परिणामी गाडी थोडी लीन चालते. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि ते ७८ अंशांना उकळतं. थंड सकाळी हे सगळं विरोधात जातं. पूर्वी अर्ध्या चोकवर सुरू होणाऱ्या गाडीला आता पूर्ण लागत असेल, तर लगेच घाबरू नका. प्लग फार पांढरट दिसत असेल तरच मेकॅनिककडून मिश्रण बघून घ्या.

इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या वाटीत हे पाणी तळाशी बसतं, आणि जेट नेमका तळाकडूनच ओढतो. अशा गाडीला चोक लावून किक मारत बसू नका. वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल एखाद्या काचेच्या बाटलीत काढा. तळाला वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी. कॉक उघडून ताजं पेट्रोल थोडं वाहू द्या, स्क्रू घट्ट करा, मग वर सांगितल्याप्रमाणे सुरू करा.

ग्रासकटरचा चोक

कोकणात आंबा-काजूच्या बागेत रान काढायला, देशावर बांध साफ करायला ग्रासकटर आता घरोघरी आहे आणि दोरी ओढून हात दुखवून घेणारेही तितकेच आहेत. या यंत्राला फ्लोटची वाटी नसते, पडदा असलेला कार्बोरेटर असतो, म्हणून ते आडवंतिडवं धरूनही चालतं. खाली जो पारदर्शक रबरी फुगा असतो तो आधी दाबायचा: फुग्यात आणि परतीच्या नळीत बुडबुड्यांशिवाय पेट्रोल दिसेपर्यंत, साधारण सहा ते आठ वेळा. याने कार्बोरेटर भरतो.

मग चोक लावून दोरी ओढा. तीन-चार ओढींत एक छोटा 'भुक्' आवाज येतो आणि यंत्र पुन्हा गप्प होतं. कान तिथे हवेत. तो आवाज आला की चोक लगेच अर्ध्यावर आणा किंवा पूर्ण काढा आणि मग ओढा, यंत्र सुरू होईल. तो आवाज न ऐकता पूर्ण चोकवरच दोरी ओढत राहिलात तर प्लग भिजतो. यंत्र टू-स्ट्रोक असेल तर त्या पेट्रोलात तेलही असतं, ते प्लगवर बसलं की नुसतं वाळवून भागत नाही, पुसावं लागतं.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, यंत्र सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि शेवटी चोक लावून दोन-तीनदा दोरी ओढा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोलही निघून जाईल. पुढच्या हंगामात पडदा कडक झालेला आणि जेट बुजलेला सापडत नाही.